सीमेवरचा आठवडी बाजार परत भरू द्या : वाणिज्य मंत्र्यांना एका निवृत्त जवानाचं खुलं पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली यांस

गोयल साहेब, जय हिंद.

तुम्ही मुंबईचे, 2024 ला उत्तर मुंबईतनं निवडून आलात, म्हणून मराठीतच लिहितोय. हिंदीतही लिहिता आलं असतं, नोकरीची सगळी वर्षं हिंदीतच बोललो, पण पोटातलं जे आहे ते आपल्या भाषेतच नीट बाहेर येतं. विषय महाराष्ट्राचा नाही. मेघालय आणि त्रिपुराच्या टोकाला, बांगलादेशच्या बॉर्डरवर जे हाट (आठवडी बाजार) भरतात म्हणजे भरायचे, त्यांचा आहे, आणि ते हाट तुमच्याच खात्याच्या करारातनं सुरू झालेले आहेत म्हणून पत्र तुम्हाला. गृह खात्याच्या साहेबांनीही वाचलं तर बरंच होईल, कारण गेटची चावी त्यांच्याकडे आहे.

मी गडहिंग्लज तालुक्यातला. 1993 ला बीएसएफमध्ये, म्हणजे सीमा सुरक्षा दलात, भरती झालो, 2016 अखेर रिटायर झालो. पंजाब झालं, बंगाल झालं, पण सगळ्यात जास्त जीव अडकला तो मेघालयात, खासी हिल्सच्या पायथ्याला, जिथं डोंगर एकदम संपतो आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत बांगलादेशातलं सिल्हेट-सुनामगंजचं सपाट पाणथळ रान लागतं. तिथं दोनदा होतो. पहिल्यांदा 2003 च्या सुमारास, तेव्हा हाट नव्हता. दुसऱ्यांदा 2013 ला, तेव्हा हाट सुरू होऊन वर्ष झालं होतं. मध्ये दहा वर्षांचं अंतर आणि भाग तोच, त्यामुळं फरक काय पडला ते मला कुणाच्या रिपोर्टातनं वाचायला लागलं नाही, डोळ्यांनी बघितलंय.

आधी पहिल्या खेपेचं सांगतो. तेव्हा मेघालयात कुंपण फार थोड्या ठिकाणी होतं, बॉर्डर म्हणजे एक पिलर, मग भातशेती, मग ओढा, मग दुसरा पिलर. वरच्या गावांत सुपारी, पान, संत्री, तमालपत्र आणि मध. आपल्या घरात मसाल्याला जे तमालपत्र पडतं ना, ते त्या डोंगरातलंही असतं साहेब. हे सगळं पिकतंय डोंगराच्या दक्षिण उतारावर, आणि गिऱ्हाईक आहे पायथ्याशी, चालत अर्ध्या तासावर, फक्त ते गिऱ्हाईक दुसऱ्या देशात आहे. शिलाँगला माल न्यायचा तर घाट चढून दिवस मोडणार, गाडीभाडं मालाच्या किमतीला खाणार, पावसाळ्यात रस्ता राहील याचा भरवसा नाही. चेरापुंजी-मावसिनरामचा पाऊस ज्या डोंगरावर पडतो त्याच डोंगराचा पायथा हा. मग माणूस काय करणार? रात्री खाली उतरणार.

आणि रात्री आम्ही.

एका रात्री पिकेटवर, म्हणजे पहाऱ्याच्या जागी, असताना ओढ्याच्या कडेला एक पोरगं सापडलं, चौदा-पंधरा वर्षांचं असेल. पाठीवर खोह, म्हणजे तिकडची ती वेताची निमुळती टोपली, पट्टा कपाळावर घेऊन पाठीला लावतात. मला वाटलं आता काय निघतंय, टॉर्च मारली तर आत संत्री. नुसती संत्री, वरनं केळीचं पान झाकलेलं. ते पोरगं रडत नव्हतं, पळतही नव्हतं, उभं होतं नुसतं, जणू हे एकदा होणारच होतं. नियमाप्रमाणं जे करायचं ते केलं, सीझर मेमो म्हणजे जप्तीचा कागद लिहिला, नग, वजन, अंदाजे किंमत. किंमतीच्या रकान्यात आकडा लिहिताना माझा हात अडखळला, कारण आमच्या दोघा जवानांच्या त्या रात्रीच्या पगारापेक्षा तो माल स्वस्त होता. त्याच्या आईला सकाळी बोलावलं, ती आली, हातात क्वाय घेऊन आली, पान-सुपारी, तिकडं पाहुण्याला देतात ती. आम्हाला दिली. तिच्या पोराला रात्रभर बसवून ठेवलेल्या माणसांना तिनं पान दिलं. ते पान मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा मला हे चोरटं व्यापार-बिपार काही वाटलं नाही, मला आमची आज्जी दिसली. आमच्या गावातनं आज्जी डोक्यावर पाटी घेऊन संकेश्वरच्या बाजाराला जायची. आता संकेश्वर कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. 1956 ला राज्यांच्या रेषा आखल्या तेव्हा आज्जीला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही काही फरक पडला नाही, कारण त्या रेषेवर गेट नव्हतं. संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजारात येते, अलीकडची पलीकडची दोन्ही शेतकरी येतात, कानडी मराठी एकाच तोंडातनं चालतं. सीमाप्रश्न पेटला की बस बंद पडतात, पाट्यांना काळं फासलं जातं, एखादा आठवडा बाजार मोडतो, पण पुढच्या आठवड्याला परत भरतो. तो भरतो म्हणून गावं टिकलीत. त्या खासी बाईचं दुखणं एवढंच की तिच्या आज्जीच्या वाटेवर 1947 ला दोन राज्यांची नाही, दोन देशांची रेषा आली.

कारण ती वाट जुनीच होती. फाळणीच्या आधी डोंगरातली संत्री, पान, सुपारी, चुनखडी सगळं खाली सिल्हेटच्या हाटांत जायचं आणि वर यायचं ते तांदूळ, मासळी, मीठ, कापड. 1947 च्या जुलैत सिल्हेटमध्ये सार्वमत झालं, बहुतेक सिल्हेट पूर्व पाकिस्तानात गेलं, आणि डोंगराच्या पायथ्याचे बाजार एका फटक्यात परदेश झाले. बागा तिथंच राहिल्या, झाडाला कुठं माहीत असतं. खासी लोकांचा आठवडा पूर्वापार आठ दिवसांचा, आणि त्या आठ दिवसांची नावं बाजारांवरनं पडलेली, शिलाँगचा जो बडा बाजार त्याचं खासी नाव इवदुह, ते त्या आठातलंच एक नाव. म्हणजे कुठला वार हे कुठला बाजार यावरनं ठरायचं. आपलंही काय वेगळंय, आपण आठवडा म्हणतो, पुण्याच्या पेठा वारांच्या नावानं आहेत, आणि बाजाराला जायचं म्हटलं की म्हातारी माणसं अजून बाजारहाट म्हणतात. त्या शब्दातला हाट तोच हाट. ज्या माणसांचा वारच बाजारावरनं ठरतो त्यांचा बाजार काढून घेतला तर काय उरतं ते तुम्ही व्यापार खातं सांभाळणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आता हाटाचं. 2010 ला भारत-बांगलादेश करार झाला आणि 23 जुलै 2011 ला पहिला हाट उघडला, अलीकडे गारो हिल्समधलं कलाईचर, पलीकडे कुरीग्राम जिल्ह्यातलं बलियामारी. त्याच 2011 च्या जानेवारीत, त्याच कुरीग्राम जिल्ह्याच्या हद्दीवर, कुंपण ओलांडताना पंधरा वर्षांच्या एका मुलीला गोळी लागली होती आणि तिचा देह तारेवर लटकलेला फोटो जगभर गेला होता. मी वर्दी घातलेला माणूस आहे, माझ्या फोर्सचा मला अभिमान आहे आणि आयुष्यभर राहील, पण तो फोटो माझ्या मनातनं जात नाही, आणि त्याच जिल्ह्यात सहा महिन्यांनी एक गेट बाजारासाठी उघडलं ही गोष्टही जात नाही. पुढं 2012 ला खासी हिल्समध्ये बालाटचा हाट सुरू झाला, 2015 ला त्रिपुरात दोन, श्रीनगर आणि कमलासागर. 2021 च्या मार्चमध्ये पंतप्रधान ढाक्याला गेले तेव्हा आणखी तीन हाटांचं उद्घाटन झालं.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो हाट कसा असतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं म्हणजे वाघा बॉर्डरसारखं काहीतरी. तसं काही नाही. झिरो लाईनवर, म्हणजे ऐन सीमारेषेवर, 75 मीटर बाय 75 मीटरची जागा, भोवती तार, दोन गेट, एक आपल्याकडं एक त्यांच्याकडं. मध्ये शेड, कट्टे. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच यायची परवानगी, कार्ड लागतं, पासपोर्ट-व्हिसा नाही. विकणारे सुरुवातीला दोन्हीकडचे पंचवीस-पंचवीस, नंतर पन्नास-पन्नासपर्यंत मुभा झाली. एका माणसानं एका दिवसात किती खरेदी करायची त्याला मर्यादा, आधी 50 डॉलर, नंतर वाढवत 200 डॉलरपर्यंत आली. रुपया चालतो, टका चालतो, वस्तूला वस्तूही चालते. जकात नाही. भाजीपाला, फळं, मसाले, लाकूड सोडून जंगलातला किरकोळ माल, हातमागाचं कापड, घरगुती वस्तू, मेलामाईनची ताटं, प्लास्टिकच्या बादल्या, साबण-पावडर असलं. देखरेखीला दोन्हीकडनं कमिटी, त्यात अतिरिक्त जिल्हाधिकारी, कस्टम, पोलीस, आम्ही बीएसएफवाले आणि पलीकडचं सीमा दल बीजीबी, आणि गावचे लोक. दुपारनंतर शिट्टी वाजते, जो तो आपापल्या गेटनं घरी. एवढंच. आपल्या एखाद्या लहान गावचा बाजार याच्यापेक्षा मोठा असतो.

2013 ला मी परत गेलो तेव्हा पहिल्याच हाटाच्या दिवशी गेटवर ड्यूटी लागली. मला सांगता यायचं नाही किती वेगळं वाटलं ते. जी माणसं मी दहा वर्षांपूर्वी टॉर्चच्या उजेडात पाठमोरी बघितली होती तीच माणसं दिवसाढवळ्या रांगेत उभी, कार्ड गळ्यात, अंगावर धुतलेले कपडे, आणि आम्हाला नमस्कार करतायत. डोंगराकडनं खोह उतरतायत, सुपारी, संत्री, तमालपत्र. खालनं सुकी मासळी येतेय, तिचा वास आमच्या पोस्टपर्यंत, भाजी, बिस्किटं, प्लास्टिकची भांडी. आणि एक गोष्ट कुठल्याच फायलीत लिहिली जात नाही ती म्हणजे माणसं भेटतात. एक म्हातारा दर हाटाला यायचा, काही विकायचा नाही, काही विशेष घ्यायचा पण नाही. नंतर कळलं पलीकडनं त्याची बहीण येते. ती फाळणीनंतर तिकडंच राहिली होती. दोघं कट्ट्यावर बसायचे, चहा प्यायचे, शिट्टी वाजली की उठायचे. पाच किलोमीटरचं कार्ड होतं म्हणून बहीण-भाऊ भेटत होते, नाहीतर व्हिसाला शेकडो मैलांचा फेरा.

आता मुद्द्याचं. हाटामुळं स्मगलिंग थांबतं का? मी खरं सांगणार, कारण खोटं सांगून मागणी केली तर पहिल्याच अधिकाऱ्यापुढं ती पडेल. सोनं थांबत नाही. फेन्सिडिलच्या बाटल्या थांबत नाहीत, ते कफ सिरप तिकडं बंदी असल्यामुळं नशेसाठी जातं. गुरं थांबत नाहीत. त्या धंद्यात मोठी माणसं, मोठा पैसा, त्यांना पाच किलोमीटरच्या हाटाशी देणंघेणं नाही. पण त्या धंद्याला पाठ कुणाची लागते? पोती कोण उचलतं, ओढा कोण ओलांडतं, गोळी कुणाच्या वाट्याला येते? त्या गावातलाच बिनकामाचा पोरगा. लाईनमन, म्हणजे चोरटा माल पार करवणारा दलाल, त्याला एका फेरीचे दोन-चारशे रुपये देतो. तोच पोरगा आधी घरची संत्री घेऊन उतरत असतो, त्याला वाट माहीत होते, अंधाराची भीती मोडते, मग एके दिवशी टोपलीत संत्र्याखाली दुसरं काहीतरी येतं. मी हे एकदा नाही, अनेकदा बघितलंय. हाट काय करतो, तर त्या पोराच्या घरच्या मालाला दिवसाची वाट देतो. घरच्या मालासाठी रात्री उतरायची गरज संपली की निम्मी पोरं अंधारात उतरायला शिकतच नाहीत. आणि रात्री कमी माणसं उतरली की जी उतरतात ती खरोखर पकडायची असतात, हे आम्हाला ड्यूटीवर लगेच कळायचं. आधी झाडीत हालचाल दिसली की दहातली नऊ वेळा सुपारीवाला निघायचा, आणि तोपर्यंत खरा माणूस दुसरीकडनं पार.

मला कुणी विचारलं हाटाची उलाढाल किती, तर ती फार नाहीच. दोन देशांच्या अब्जावधी डॉलरच्या व्यापारापुढं ती मोजायलाही येत नाही, आणि म्हणूनच दिल्लीत फाईल वरती येत नाही असं मला वाटतं. पण हाट उलाढालीनं मोजायचाच नसतो. माझी एक सूचना आहे, खर्च काही नाही. हाटाच्या भागातल्या पोस्टांची सीझरची रजिस्टरं काढा, हाट सुरू व्हायच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं, त्यातला किरकोळ शेतमाल-घरगुती माल वेगळा काढा, आणि हाट बंद होता त्या वर्षांचा आकडा शेजारी ठेवा. सगळं लिहिलेलं आहे, तारीख वार नगासकट, आम्हीच लिहिलंय. ते लोकांसमोर ठेवा. मला खात्री आहे आकडा माझ्या बाजूनं बोलेल, आणि नाही बोलला तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

चोरटा माल का जातो याचं कारण तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन बाजूंना भाव वेगळा असला की माल चालायला लागतो, उघड्या वाटेनं नाहीतर चोरवाटेनं. डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली ती मे 2024 पर्यंत, लासलगावला शेतकरी भाव पडला म्हणून रस्त्यावर आणि ढाक्याला कांदा महाग म्हणून तिकडची बाई हवालदिल. साखरेच्या निर्यातीवर बंधनं आली, इकडं आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांची गोदामं भरलेली, आणि सिल्हेटच्या बाजूला चोरट्या साखरेची पोती पकडल्याच्या बातम्या. देशाला आधी आपलं बघावं लागतं हे मला मान्य आहे, मी त्या निर्णयांवर बोलत नाही. मी एवढंच म्हणतोय की जेव्हा जेव्हा दिल्लीत असा नळ बंद होतो तेव्हा तेव्हा बॉर्डरवरच्या गावात अंधारातला नळ उघडतो, आणि त्याच्यापुढं एक जवान आणि एक चौदा वर्षांचा पोरगा समोरासमोर येतात.

मार्च 2020 ला कोविड आला आणि हाट बंद झाले. ते बरोबरच होतं, तेव्हा आपलेही आठवडी बाजार बंद होते. पण आपले बाजार काही महिन्यांत सुरू झाले, तिकडं परत शिट्टी वाजायला दोन-दोन, तीन-तीन वर्षं गेली. त्याचं कारण रोग नव्हतं, फाईल होती. दोन देशांची परवानगी, दोन जिल्ह्यांची बैठक, दुरुस्तीचं टेंडर. शेडचे पत्रे गंजून गेले. मग कुठं चाक फिरायला लागलं तर ऑगस्ट 2024 ला ढाक्यात सरकार बदललं, बॉर्डर ताणली, आणि ते चाक परत रुतलं. 2025 ला तर मोठा व्यापारच आवळला गेला, एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या बंदरांतनं घ्यायचं बंद केलं, 17 मे ला आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या सगळ्याच नाक्यांवरनं आणि खाण्याचे पॅकेटबंद पदार्थ, प्लास्टिकचा माल ईशान्येच्या नाक्यांवरनं घ्यायचं बंद केलं. हे मोठ्यांचं भांडण आहे, त्यात कारणंही असतील. तिथल्या हिंदूंवर जे झालं त्याचा रागही लोकांच्या मनात आहे, माझ्याही आहे. पण त्या रागाचा हिशोब खासी बाईच्या सुपारीकडनं घ्यायचा का, हे शांतपणे बघा. ती कुणावर अन्याय करायला गेली नव्हती. हाट बंद ठेवून ढाक्यातल्या कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते आपल्याच डोंगरातल्या माणसाचं, आपल्याच मतदाराचं.

दुसरी बाजू पण मांडतो. हाटात गडबडी होत्या. काही ठिकाणी विकणाऱ्यांची कार्डं त्याच त्याच माणसांकडं वर्षानुवर्षं राहिली, ज्याची ओळख त्याचं कार्ड. काही जण गावकऱ्याच्या कार्डावर ठोक व्यापाऱ्याचा माल आणून बसायचे, खोकीच्या खोकी, आणि एकेकाच्या नावावर मर्यादेत दाखवून सगळा माल एकाच गाडीत भरायचा. कॉस्मेटिक, बेबी फूड असलं. पलीकडच्या छोट्या दुकानदारांनी तक्रारी केल्या त्या काही खोट्या नव्हत्या. काश्मीरात एलओसीवरचा, म्हणजे पाकिस्तानच्या बाजूच्या ताबारेषेवरचा, व्यापार ऑक्टोबर 2008 ला सुरू केला आणि एप्रिल 2019 ला गैरवापर होतोय म्हणून थांबवला, ते उदाहरण मला कुणीतरी लगेच देईल. पण तिथं ट्रक होते. इथं डोक्यावरची पाटी आहे. पाटी उघडून बघायला एक जवान पुरतो, मी स्वतः उघडून बघितल्यात. गडबड झाली म्हणून हाट बंद करणं म्हणजे मापात खोट निघाली म्हणून बाजारच उठवणं, आपल्या गावच्या बाजारात मापात खोट निघाली तर माप बदलतात.

मग काय करा म्हणतो मी. पहिलं म्हणजे जे हाट बांधून तयार आहेत ते सगळे उघडा, आणि एकदा उघडले की बंद करण्याचा नियम लिहून ठेवा. म्हणजे धोका वाटला तर जिल्ह्याच्या कमिटीनं त्या आठवड्याचा हाट रद्द करावा, तो अधिकार त्यांचाच, पण लागोपाठ चार-पाच आठवडे बंद राहिला तर का बंद आहे आणि कधी उघडणार हे गावाला लेखी सांगावं. गावाला कुणीच काही सांगत नाही हा सगळ्यात मोठा त्रास. बाई सुपारी वाळवून ठेवते, गेटपर्यंत येते, जवानाला विचारते, जवानाला वरनं काही कळलेलं नसतं, तो म्हणतो पुढच्या आठवड्याला बघू. मी किती जणांना पुढच्या आठवड्याला बघू म्हटलंय त्याची गिनती नाही.

मोठ्या व्यापारावर बंधन घालायचं असेल तेव्हा त्या नोटिफिकेशनमध्ये एक ओळ टाका की हाटातल्या किरकोळ खरेदीला हे लागू नाही. एक ओळ. पन्नास माणसं बिस्किटाचे पुडे आणि प्लास्टिकच्या बादल्या घेतात त्यानं कुठल्या देशाचा उद्योग बुडत नाही.

विकणाऱ्यांची कार्डं फिरती ठेवा, दर वर्षी ग्रामसभेसमोर चिठ्ठ्या टाकून. आणि बायकांना निम्मी द्या. खासी समाजात घर आईच्या नावानं चालतं, शिलाँगच्या बाजारात गेलं तर गल्ल्यावर बाईच बसलेली दिसते, आणि बॉर्डरच्या हाटात मात्र कट्ट्यावर पुरुष जास्त, हे मला तेव्हाच खटकलं होतं. विचारलं तर कारण साधं निघालं, संडास नाही, पाण्याचा नळ नाही, कार्डासाठी ब्लॉक ऑफिसला तीन-चार हेलपाटे, लेकरं घेऊन कोण जाणार. त्रिपुरात पण तेच. शेवटची वर्षं मी तिकडं काढली. कमलासागरला तर गंमत वाटेल अशी जागा आहे साहेब, टेकडीवर महाराजांच्या काळचं कालीचं देऊळ, खाली तळं, तळ्याच्या पलीकडं लगेच बांगलादेश आणि त्यांची रेल्वे जाते ती देवळाच्या पायरीवरनं दिसते. देवळात ओवाळून आलेल्या बायका हाटाच्या गेटवर रांगेत उभ्या राहायच्या, पण घेणाऱ्या म्हणून. विकणाऱ्या म्हणून फार थोड्या.

पाच किलोमीटरची अट थोडी सैल करा. डोंगरात पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पिकवणारं गाव कधी सातव्या किलोमीटरला असतं, आणि मग त्याचा माल पाचव्या किलोमीटरचा माणूस निम्म्या भावात घेतो, दलाल आपोआप तयार. दहा करा. आणि हाटाच्या दिवशी एखाद्या बँकेचा माणूस टेबल टाकून बसवा, टका-रुपया बदलून द्यायला, नाहीतर तिथंही दर ठरवणारा दलालच असतो.

आणि कुंपणाचं. कुंपण व्हायलाच पाहिजे, मी त्याच्या विरोधात नाही, 4096 किलोमीटरची बॉर्डर नुसत्या माणसांनी राखता येत नाही. पण कुंपण झिरो लाईनपासनं दीडशे यार्ड आत येतं आणि लोकांची शेतं, कधी कधी घरंसुद्धा, तारेच्या पलीकडं राहतात, गेट उघडायची वेळ ठरलेली, आपल्याच शेतात जायला कार्ड जमा करायचं. त्या लोकांनी आपल्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? जिथं नवीन कुंपण टाकताय तिथं हाटाची जागा त्याच नकाशात आधी आखा. ज्या गावात हाट होता त्या गावात आम्हाला खबर मिळायची, हे बीएसएफमधला कुणीही जुना माणूस सांगेल. रात्री कोण परकं आलंय, कुठं पोतं लपवलंय, हे गावकरी येऊन सांगायचे, कारण हाट बंद पडू नये हा त्यांचाही स्वार्थ होता. हाट नव्हता तेव्हा त्याच गावात आम्ही गेलो की दारं लागायची.

आपल्याकडं हे हाट सुरू होऊन दहा वर्षं उलटून गेल्यावर पाकिस्तान आणि इराणनं 2023 च्या मे महिन्यात बलुचिस्तानात मंद-पिशीनला बॉर्डर मार्केट उघडलं, तिथंही कारण तेच, डिझेल-पेट्रोलची चोरटी ने-आण आणि हाताला काम नसलेली पोरं. म्यानमारच्या बाजूला आपल्याकडं सोळा किलोमीटरपर्यंत मोकळं येण्या-जाण्याची सोय होती, ती काढायचा निर्णय 2024 ला झाला, तिकडच्या परिस्थितीमुळं झाला असेल, पण मग नागालँड-मणिपूर-मिझोरामच्या त्या गावांचा बाजार कुठं भरणार, त्याचं उत्तरही तुमच्याच खात्याकडनं यायला पाहिजे.

साहेब, मी काही तज्ज्ञ नाही. गेटवर उभा राहिलेला माणूस आहे. आता गावी असतो, थोडा ऊस, थोडी मिरची. बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला जातो तेव्हा कर्नाटकातनं आलेल्या एखाद्या म्हातारीकडनं काहीतरी घेतोच, गरज नसली तरी. तिला कुणी कार्ड विचारत नाही. मेघालयातली ती क्वाय देणारी बाई अजून असेल तर सत्तरीला आली असेल. तिच्या पोराला 2013 ला मी हाटात बघितलं होतं, ओळखलं त्यानंच मला. चोवीस-पंचवीसचा झाला होता, गळ्यात विकणाऱ्याचं कार्ड, समोर संत्र्यांचा ढीग. त्यानं दोन संत्री उचलून हातात दिली आणि म्हणाला, "सर, आज सीझर मत करना." दोघंही हसलो. पैसे घेतले नाहीत त्यानं.

त्याचा कट्टा रिकामा आहे. तो परत कधी बसू शकेल, तेवढी तारीख आम्हाला सांगा.

आपला,
बीएसएफचा एक निवृत्त जवान
तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर